आवृत्ती दुसरी, भुर्दंड तिसऱ्याला

पाडव्याला दरवर्षी न चुकता येणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण यंदा आला आणि फराळाच्या ताटाला हात न लावता नुसता बसून राहिला. चकली त्याच्या आवडीची, तीही तशीच. मी म्हटले, "काय रे, पोट बिघडलंय का?" तर म्हणाला, "सर, एक पत्र लिहून द्याल? मराठीत. पतसंस्थेच्या संचालक मंडळाला द्यायचंय."

निवृत्त मास्तरकडे लोक दोनच कामे घेऊन येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला, नाहीतर अर्ज लिहून घ्यायला. मी लगेच कागद-पेन घेतले. पण विषय ऐकला आणि पेन खाली ठेवले, कारण विषयच कळेना. तो कळायला पुढे दोन महिने लागले. आणि कळला तेव्हा राग आला. तो राग या लेखात उतरणार आहे, वाचकहो, आधीच सांगून ठेवतो.

हा विद्यार्थी आणि त्याचा एक मित्र मिळून तालुक्याच्या गावी सॉफ्टवेअर तयार करतात. दोघेच. कचेरी म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पतसंस्थांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे एक सॉफ्टवेअर केले. सभासदांची खाती, कर्जाचे हप्ते, रोजची पिग्मी, पासबुकाच्या नोंदी असे सगळे त्यात आहे. नऊ संस्था ते वापरतात. ते चालते. बिघडलेले नाही. हिशेब चुकत नाही. आणि तरीही त्याचा मोठा भाग या दोघांना पुन्हा पहिल्यापासून लिहायचा आहे, त्याला किमान पाच महिने लागणार आहेत, आणि त्याचे पैसे मागण्यासाठी पत्र हवे होते. संस्थेचे अध्यक्ष त्याला तोंडावर म्हणाले होते, "चालतंय ना? मग पैसे कसले?"

आता खरे सांगा, अध्यक्षांचे काय चुकले?

फ्रेमवर्क म्हणजे काय ते त्याने मला फराळाच्या ताटावरच समजावले. असे सॉफ्टवेअर करताना दर वेळी पायापासून सुरुवात करत नाहीत. खांब-तुळयांचा सांगाडा कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेला असतो, बहुधा फुकट. आपण त्यात भिंती घालायच्या, दारे-खिडक्या बसवायच्या. सांगाडा करणारे कुठे अमेरिकेत, युरोपात. भिंती घालणारा आमच्या तालुक्यात. पुढे केव्हातरी सांगाडेवाल्यांच्या मनात येते की खांब चौकोनी नको होते, गोल हवे होते. मग ते नवी मोठी आवृत्ती काढतात, आणि तिच्यात आपल्या जुन्या भिंती बसत नाहीत. याला त्यांच्यात 'ब्रेकिंग चेंज' म्हणतात. मोडणारा बदल. नाव तरी प्रामाणिक आहे.

त्याचे फ्रेमवर्क कोणते ते इथे लिहीत नाही. नावाने फरकही पडत नाही, कारण वाचायला बसलो तेव्हा हीच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी सापडत गेली. (इंग्रजी माझे बेताचे. बी.ए. मराठी माध्यमातून केले, त्यामुळे शब्दकोश शेजारी लागतोच. पण वय सत्तरीच्या पुढे असले की एक बरे असते, दुपार मोठी असते.)

यातला सर्वांत गाजलेला दाखला अँग्युलरचा. गूगलमध्ये वाढलेले हे फ्रेमवर्क. त्याची १.० आवृत्ती जून २०१२ मध्ये आली आणि जगभरच्या लोकांनी ती उचलली. पुस्तके निघाली, शिकवण्या निघाल्या, नोकरीच्या जाहिरातींत नाव झळकू लागले. आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षांनी, पॅरिसला भरलेल्या परिषदेत अँग्युलरच्याच मंडळींनी व्यासपीठावरून जाहीर केले की दुसरी आवृत्ती वेगळीच असेल. कंट्रोलर जाणार, 'डॉलर स्कोप' जाणार, मॉड्यूलची जुनी पद्धत जाणार. लोकांनी रात्री जागून शिकलेल्या एकेका गोष्टीचे नाव पडद्यावर येत होते, मृतांच्या नावापुढे लिहितात तशा अक्षरांसह. सभागृहातल्यांना गंमत वाटली असेल कदाचित. पडझडीवर विनोद करायचा असेल तर तो ज्याचे घर पडते त्याने करावा, गवंड्याने करू नये, एवढे मला कळते.

खरा घाव पुढेच होता. जुन्यातून नव्यात जायचे कसे, याचे धड उत्तर त्या दिवशी नव्हते. जगभर गदारोळ झाला. त्यानंतर मग जुने आणि नवे एकाच घरात शेजारी-शेजारी नांदवता येईल असे साधन तयार झाले. दुसरी आवृत्ती पूर्ण होऊन बाहेर पडली १४ सप्टेंबर २०१६ ला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लोक अधांतरी. जुन्यात नवे काम सुरू करावे तर ते मरणार हे जाहीर, नव्यात करावे तर ते जन्मलेले नाही! ज्यांनी धीर करून कच्च्या प्रतीवर काम सुरू केले त्यांचे हाल आणखी वेगळे. 'रिलीज कँडिडेट' म्हणजे जवळजवळ छपाईला तयार अशी प्रत. तशा पाचव्या प्रतीत, ऑगस्ट २०१६ मध्ये, संपूर्ण मांडणीची एक नवी रचना आत आली. अंतिम प्रुफे तपासून झाल्यावर लेखकाने प्रकरणांची विभागणी बदलावी तसे. छापखान्यात असे केले असते तर कंपोझिटरने खिळ्यांची केस अंगावर ओतली असती.

पुढे दोननंतर थेट चारावी आवृत्ती आली, मार्च २०१७ मध्ये. आतल्या एका भागाचा आकडा आधीच तीनवर गेला होता, म्हणून गोंधळ नको असे कारण. आमच्या शाळेत एखाद्याला दुसरीतून थेट चौथीत बसवले असते तर शिक्षणाधिकाऱ्यांनी माझा खुलासा मागवला असता. असो.

न्यायाने बोलायचे तर जुन्या अँग्युलरची देखभाल त्यांनी ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत चालू ठेवली. शेवटचे सहा महिने तर कोरोनामुळे वाढवून दिले. नंतरच्या आवृत्त्यांसाठी वेळापत्रक ठरवले आणि बरेचसे बदल यंत्रानेच करून देणारी आज्ञाही दिली. २०२५ मध्ये विसावी आवृत्ती आली, आणि आता पूर्वीइतकी आदळआपट होत नाही असे माझा विद्यार्थीही सांगतो. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण २०१४ मध्ये जे ओरडले, त्यांनाही ते द्यायला हवे. तेव्हा त्यांना 'बदलाला घाबरणारे' म्हणून हिणवणारे कमी नव्हते.

आणि नाव तेच का ठेवले, हे मला अजून पटलेले नाही. पर्ल नावाच्या भाषेची सहावी आवृत्ती इतकी वेगळी झाली की अखेर २०१९ मध्ये तिचे नावच 'राकू' केले. उशिरा का होईना, खरे बोलले. मुलगा दत्तक घ्यावा, नाव बदलावे. पण आधीच्या मुलाचे नाव नव्याला देऊन आधीच्याला 'जुना' म्हणणे बरे नव्हे.

या सगळ्यावर तयार उत्तरे असतात. ती सगळी मला विद्यार्थ्याच्या मित्राने ऐकवली. तो नव्या विचारांचा, हुशार आहे, माझा त्याच्यावर राग नाही. त्याचे पहिले उत्तर: "सर, फुकट मिळतंय. फुकटच्याला तक्रार कसली?"

पाणपोई घ्या. पाणपोई घालणाऱ्यावर कुणाचा हक्क नसतो, कबूल. उद्या त्याने बंद केली तर वाटसरूने निमूट पुढे जावे. पण पाणपोईवाला गावात हिंडून "तुमच्या विहिरी खराब आहेत, त्या बुजवा, माझ्याकडे या" असे सांगू लागला, वर्षातून एकदा मेळावा भरवून कुणाकुणाच्या गावाने विहिरी बुजवल्या ते अभिमानाने दाखवू लागला, तर त्या पाण्याची किंमत शून्य असली तरी त्याच्या शब्दाची किंमत शून्य राहत नाही. फ्रेमवर्कवाले लोकांना नुसते देत नाहीत, बोलावतात. बोलावणाऱ्यावर जबाबदारी येते.

हे मी घरी बसून फुकटात काम करणाऱ्या एकट्यादुकट्याबद्दल म्हणत नाही. तसे अनेक जण आहेत, दिवसा नोकरी करून रात्री दुसऱ्यांच्या तक्रारी सोडवणारे. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. ज्यांच्या पाठीशी मोठी कंपनी आहे आणि ज्यांच्या शब्दावर लाखो लोक दुकाने थाटतात त्यांच्याबद्दल हे आहे.

दुसरे उत्तर आकड्यांचे. आवृत्तीला तीन आकडे देण्याची एक पद्धत आहे, तिला 'सेमव्हर' म्हणतात. शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, पहिला वाढला तर जुने मोडणार. पद्धत चांगली आहे. पण तिचा अर्थ कसा लावला जातो पाहा: "आम्ही पहिला आकडा वाढवला होता, मग तक्रार कशाची?" म्हणजे 'सावधान, पुढे खड्डा आहे' अशी पाटी लावली की खड्डा खणायला मोकळे! आकडा सूचना देतो, परवाना देत नाही.

तिसरे उत्तर, "जुनं कुठे पळून गेलंय? वापरा की." याला उत्तर माझ्या विद्यार्थ्यानेच दिले. जुने पडून असते, पण त्याचा पहारेकरी गेलेला असतो. नवी भोके सापडत राहतात, ती बुजवणारे कुणी नसते. मग पतसंस्थेची तपासणी करायला माणूस येतो, तो अहवालात लिहितो की हे फ्रेमवर्क आता देखभालीत नाही. त्या एका ओळीने नऊ संस्थांचे धाबे दणाणते. लोकांची आयुष्यभराची पुंजी आहे ती, दणाणायलाच हवे. व्ह्यू नावाच्या दुसऱ्या लोकप्रिय फ्रेमवर्कचे असेच. तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि दुसरीची देखभाल ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. तीन वर्षे म्हणजे ऐकायला पुष्कळ. पण आपल्या सॉफ्टवेअरमध्ये इतरांनी केलेले आणखी दहा तुकडे जोडलेले असतात, आणि ते नव्याशी जुळवून मिळेपर्यंत आपल्याला हलताच येत नाही. त्या तीन वर्षांतली कितीतरी वाट पाहण्यातच जातात.

आता जरा माझ्या विषयाकडे येतो. मी सातवीच्या आसपास होतो तेव्हा मराठी शुद्धलेखनाचे नियम बदलले. १९६२ ची गोष्ट. 'नांव', 'कांहीं', 'जेथें', 'घरीं' हे सगळे अनुस्वार, जे उच्चारात कुणालाच ऐकू येत नव्हते, ते एका फटक्यात गेले. चौदा नियम झाले, १९७२ मध्ये आणखी चार. आमचे गुरुजी फळ्यावर आम्हांला नवे शिकवायचे आणि स्वतःच्या वहीत सवयीने जुनेच लिहायचे. माझे वडील तर शेवटच्या पत्रापर्यंत 'चिरंजिवास आशीर्वाद' च्या खाली अनुस्वारांचा सडा घालत. त्या पत्रांतले एक अक्षर मला वाचायला अडले नाही. गावच्या वाचनालयातली जुनी पुस्तके कुणी जाळली नाहीत, 'आता ही उघडत नाहीत' अशी पाटी कपाटावर लागली नाही. लिहायचे नवे, वाचायचे दोन्ही. बदल असा करता येतो. करणारे संगणकतज्ज्ञ नव्हते, साहित्य महामंडळातली माणसे होती, पण एवढे त्यांना समजत होते की भाषेत आधीच लिहून ठेवलेले पुष्कळ आहे.

अभ्यासक्रम बदलतानाही आपण हेच करतो. नापास झालेल्यांसाठी जुन्या अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका काही परीक्षांपर्यंत निघत राहते. मी अशा परीक्षेवर पर्यवेक्षक म्हणून बसलो आहे. पाच-सहा मुलांसाठी वेगळी पाकिटे यायची. कंटाळा यायचा, पण यायची.

संगणकातही हे जमते, हे वाचून मला फार बरे वाटले. सर्वांत चांगले उदाहरण २०१८ चे. जावास्क्रिप्ट या भाषेत 'फ्लॅटन' नावाची एक नवी सोय आणायची ठरली होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घालून पाहिली तर एक जुनी साइट मोडली. का, तर मूटूल्स नावाच्या, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आणि नव्या साइटसाठी फारसे कुणी न वापरणाऱ्या जुन्या साहित्यात तेच नाव आधी घेतलेले होते. भाषेचे नियम करणारी मंडळी सहज म्हणू शकली असती, मरू दे ती जुनी साइट. तसे म्हणणारे होतेही. बराच वाद झाला, एकाने थट्टेने नवे नाव 'स्मूश' सुचवले, त्यावरून आणखी धुरळा उडाला. शेवटी नाव 'फ्लॅट' ठेवले. नव्याने आपले नाव बदलले, जुन्याला हलवले नाही. घरात नवी सून आली म्हणून आजीची खोली रिकामी करून घेतली नाही. म्हणूनच १९९१ मधले वेबचे पहिले पान आजच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडते. वेबचा पाया ही शिस्त पाळतो, आणि त्याच पायावर उभे राहणारे फ्रेमवर्कवाले मात्र ती पाळायला तयार नसतात, हे मला न सुटलेले कोडे आहे.

मोडायचेच असेल तर पूल आधी बांधता येतो. जेक्वेरीने जानेवारी २०१३ मध्ये १.९ आवृत्तीत बऱ्याच जुन्या सोयी काढल्या, पण सोबत एक जोडणीही दिली. ती जुन्या हाकेला ओ देऊन काम करून द्यायची आणि बाजूला चिठ्ठी लिहून ठेवायची की ही हाक आता जुनी झाली, सवडीने बदला. सवडीने! हा शब्द मला फार आवडला.

मोडूच नये, असे मी म्हणतो आहे असा समज करून घेऊ नका. माझाच पुरावा माझ्याविरुद्ध देतो. २००१ च्या सुमारास मी माझ्या व्याकरणाच्या टिपणांची दीडेकशे पाने टाइप केली, तेव्हाच्या एका मराठी फॉन्टमध्ये. आज ती फाइल उघडली तर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. दीडशे पाने गेली. मी हळहळलो, पण युनिकोड आले नसते तर आज हा लेख तुम्हाला वाचता आला नसता, हेही खरे. पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीने डिसेंबर २००८ मध्ये पुष्कळ मोडतोड केली. पाच भागिले दोनचे उत्तर आधी दोन यायचे, ते अडीच येऊ लागले (मी गणित कधी शिकवले नाही, तरी अडीचच्या बाजूचा आहे). पण त्याच मोडतोडीत मजकूर आपोआप युनिकोड झाला, आणि त्याचा फायदा देवनागरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला झाला. शिवाय त्या मंडळींनी चुका मान्य केल्या. मजकुराआधी 'यू' अक्षर लिहिण्याची जुनी पद्धत त्यांनी काढून टाकली होती, लोकांना ती अडते हे पाहून २०१२ मध्ये परत आणली. जुन्या आवृत्तीची मुदत २०१५ ला संपणार होती, ती २०२० पर्यंत वाढवली.

म्हणून मी विद्यार्थ्याला एकच विचारले. "तू हे सगळं पुन्हा लिहिलंस की पतसंस्थेच्या सभासदाला जास्त काय मिळेल?" तो बराच वेळ गप्प राहिला. "काही नाही सर. पान कदाचित थोडं लवकर उघडेल."

युनिकोडच्या वेळी माझी दीडशे पाने गेली, पण मिळाले ते मलाच. इथे पाच महिने एकाचे जाणार, पैसे दुसऱ्याचे जाणार आणि घर स्वच्छ होणार तिसऱ्याचे. त्या तिसऱ्याने निर्णय घेतला तेव्हा हे दोघे त्याच्या हिशेबात होते का? माझी एक साधी मागणी आहे. नवी मोठी आवृत्ती काढण्याआधी तिच्या कर्त्यांनी एखाद्या अनोळखी माणसाचे, त्यांच्या कंपनीबाहेरचे, दहा वर्षे जुने सॉफ्टवेअर घ्यावे आणि स्वतः बसून नव्यात आणून दाखवावे. किती दिवस लागले ते आवृत्तीबरोबर छापावे. मग खांब गोल करायचे की चौकोनी, यावर त्यांची चर्चा जरा लवकर आटपेल.

दोष आपल्याकडचाही आहे, तो झाकत नाही. माझ्या विद्यार्थ्याने कबूल केले की हे फ्रेमवर्क त्याने निवडले ते नवे होते म्हणून, सगळे तेच शिकत होते म्हणून. संस्थांनी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की कपाट घेतल्यासारखे समजले. हाउसिंग सोसायटी इमारतीसाठी सिंकिंग फंड बाजूला काढते, सॉफ्टवेअरसाठी कुणी काढत नाही. आणि या धंद्यातल्या तरुणांना जुन्या कामाची लाज वाटते. त्याला ते 'लेगसी' म्हणतात, नाक मुरडून. मी शब्दकोशात पाहिले. लेगसी म्हणजे वारसा.

पत्र तीनदा लिहिले. पहिल्यात मी रागाच्या भरात अमेरिकेपर्यंत गेलो, ते त्याने हसून परत दिले. दुसरे फार लांबले. तिसऱ्याची सुरुवात अशी केली: "आपले सॉफ्टवेअर सदोष नाही. तरीही ते बदलावे लागणार आहे." तो म्हणाला, "सर, पहिलं वाक्य काढा, नाहीतर पैसे देणार नाहीत." मी म्हटले, खोटे लिहायचे असेल तर दुसरा मास्तर शोध. वाक्य राहिले. सुरक्षेचा भाग त्याच्या सांगण्यावरून वर घेतला, रक्कम तीन हप्त्यांत मागितली.

संचालक मंडळाची बैठक २८ तारखेला आहे. मंजुरीची वाट न पाहता त्याने रात्री काम सुरूही केले आहे, पिग्मीच्या भागापासून, कारण तोच रोज लागतो. परवा पत्रावर सही-शिक्का करून न्यायला आला तेव्हा डोळे लाल होते. जाताना हिने डब्यात चकल्या घालून दिल्या.